विश्लेषण : लढवय्या यशवंतराव होळकरांची स्मृती काही महिन्यांत कशी हरपली? झपाट्याने वाढणारा स्मृतिभ्रंश म्हणजे काय?

मांडवी (रत्नागिरी) : १८०२च्या दिवाळीत पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेला हरवणारे आणि १८०४मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेला थेट आग्र्यापर्यंत पिटाळणारे यशवंतराव होळकर १८०८च्या सुमारास स्वतःचेच बोलणे विसरू लागले. काही महिन्यांत ते इतके हिंसक झाले की त्यांना दोरखंडाने बांधावे लागले. पुढे त्यांची वाचाच बंद झाली. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुरा येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची ३५ वर्षेही पूर्ण केली नव्हती. स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा आणि सावकाश वाढणारा आजार, अशी आपली समजूत असते. यशवंतरावांच्या बाबतीत वयही बसत नाही आणि वेगही. त्यांना नेमके काय झाले असावे आणि आज असा रुग्ण घरात असेल तर काय करायचे, याविषयी…

दोनशे वर्षांपूर्वीच्या आजाराची चर्चा आता का?

कारण घराशेजारचे आहे. मांडवीत आमच्या आळीतले एक काका, वय ६२, दुकानदार. गणपतीत उधारीचा हिशेब तोंडी सांगत होते. दिवाळीला सुटे पैसे मोजताना अडायला लागले. त्यानंतर एका संध्याकाळी जेटीवर फिरायला गेले आणि घरचा रस्ता त्यांना आठवेना. जेटीपासून घर पाच मिनिटांवर. घरच्यांनी आधी वयाला दोष दिला. मग देवळात गाऱ्हाणे घातले, एका जाणत्याकडेही जाऊन आले. तिसऱ्या महिन्यात डोक्याचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेरच्या बाजूला रक्त साचलेले दिसले. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले होते, ते सगळेच विसरून गेले होते. शस्त्रक्रियेने रक्त काढले. महिन्याभराने काका पुन्हा गल्ल्यावर बसले.

याला वैद्यकीय भाषेत सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. झपाट्याने वाढणाऱ्या विस्मरणाच्या कारणांपैकी हे एक, आणि सुदैवाने बरे होणारे. याच सुमारास यशवंतरावांविषयी वाचत होतो. त्यांच्या आजाराच्या नोंदीत एक तपशील असा आहे की तो वाचून थांबलो. त्याकडे येऊच.

यशवंतराव कोण होते?

तुकोजीराव होळकरांना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव हे औरस, तर विठोजी आणि यशवंतराव हे विवाहबाह्य संबंधातून झालेले. यशवंतरावांचा जन्म ३ डिसेंबर १७७६ रोजी पुणे जिल्ह्यातील वाफगावचा मानला जातो. ऑगस्ट १७९७मध्ये तुकोजीराव वारले आणि महिन्याभरात दौलतराव शिंदे यांच्या फौजेने पुण्यात मल्हाररावांच्या छावणीवर हल्ला करून त्यांना ठार केले. काशीराव शिंद्यांच्या बाजूने होते. वीस वर्षांचे यशवंतराव तिथून निसटले आणि आश्रयासाठी नागपूरला गेले. नागपूरकर भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. तिथूनही ते निसटले.

पुढच्या चार वर्षांचा आलेख थक्क करणारा आहे. जवळ पैसा नाही, वारसाहक्क वादात, शिंदे आणि पेशवे दोघेही विरोधात. तरीही खानदेश आणि माळव्यातून भिल्ल, पठाण, पेंढारी आणि जुने होळकरशाही शिलेदार गोळा करत त्यांनी फौज उभी केली. अमीर खान हा पठाण सरदार त्यांचा जोडीदार झाला. हाच पुढे टोंकचा नवाब झाला. १७९९च्या सुरुवातीला महेश्वरला यशवंतरावांनी सत्ता हाती घेतली. बंदुकीच्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. त्याने त्यांच्या घोडदौडीत किंवा भालाफेकीत फरक पडल्याचे दिसत नाही.

या माणसाची बुद्धी कशी होती, हे इथे महत्त्वाचे आहे. कारण कोणत्याही स्मृतिभ्रंशाचे मोजमाप त्या माणसाच्या पूर्वीच्या क्षमतेशी तुलना करूनच होते. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३मध्ये मध्य भारतावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यशवंतरावांविषयी बरेच लिहिले आहे. ते मराठी उत्तम लिहीत, त्यांना फारसी समजे आणि हिशेबात ते अत्यंत तल्लख होते, असे त्यातून कळते. माल्कम हा त्यांचा शत्रू. १८०५च्या तहाच्या वाटाघाटींत तो इंग्रजांच्या बाजूने होता आणि १८१७मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढलाही. त्यामुळे त्याने केलेली निंदा जपून घ्यावी लागते. पण शत्रूने केलेल्या कौतुकावर मी तरी जास्त विश्वास ठेवतो.

पुण्याची लढाई आणि कोकणचा संबंध काय?

एप्रिल १८०१मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायाखाली देऊन मारले. भावाच्या या मृत्यूनंतर यशवंतराव पुण्यावर चालून येणार हे ठरलेलेच होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ लढाई झाली. सुरुवातीला होळकरांची पीछेहाट होत होती. यशवंतराव स्वतः घोडदळ घेऊन तोफांवर तुटून पडले आणि दिवस फिरला.

बाजीराव पळाले ते आमच्या कोकणात. सिंहगड, रायगड, महाड असे करत ते हर्णैच्या सुवर्णदुर्गापर्यंत आले आणि तिथून समुद्रमार्गे वसईला पोहोचले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला आणि पेशवाईने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. सुवर्णदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. शाळेत वसईच्या तहाची सनावळी आम्ही पाठ केली, पण पेशवा आपल्याच किनाऱ्यावर लपला होता हे कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

१८०३मध्ये शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढून हरले, तेव्हा यशवंतराव बाजूला राहिले होते. हा निर्णय त्यांना पुढे महाग पडला. १८०४मध्ये ते एकटेच युद्धात उतरले. मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून भर पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची माघार सुरू झाली. वाटेत तोफा, सामान, माणसे गमावत ही फौज ऑगस्टअखेर आग्र्याला पोहोचली. नंतर नोव्हेंबरमध्ये डीग आणि फर्रुखाबादला होळकरांना फटके बसले. पण १८०५च्या सुरुवातीला भरतपूरच्या किल्ल्यावर लॉर्ड लेकचे चार हल्ले फसले. या किल्ल्याचे जाट राजे यशवंतरावांच्या बाजूने उभे राहिले होते. मदतीच्या शोधात यशवंतराव पंजाबात गेले. रणजितसिंहांनी हात आखडता घेतला. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीच्या काठी राजघाटचा तह झाला. त्यात होळकरांचे राज्य बहुतांशी राहिले. इतर मराठा सरदारांच्या मानाने ही अट बरीच सौम्य होती.

भानपुऱ्यात काय घडले?

तहानंतर ते स्वस्थ बसले नाहीत. आपण हरलो ते तोफखान्यामुळे, हे त्यांच्या मनाने घेतले होते. आजच्या मध्य प्रदेशातील मंदसौर जिल्ह्यात असलेल्या भानपुऱ्याला त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना घातला. नुसता घातला नाही, तर स्वतः रात्रंदिवस भट्टीपाशी उभे राहून काम करू लागले. थोड्याच महिन्यांत तोफांची रांग उभी राहिली. जोडीला मद्यपान वाढले. त्यांच्यासाठी मुंबईच्या दुकानांतून चेरी ब्रँडी मागवली जात असे, अशी नोंद आहे.

याच काळात पुतण्या खंडेराव आणि भाऊ काशीराव यांचे मृत्यू झाले. दोघांच्या मृत्यूचा ठपका यशवंतरावांवर ठेवला गेला. हा आरोप किती खरा, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

आधी चिडचिड वाढली. किरकोळ कारणावरून संताप, झोप कमी, कामाचा हव्यास. मग विस्मरण सुरू झाले. आणि इथे तो तपशील येतो. ही तक्रार प्रथम यशवंतरावांनी स्वतःच केली. एका क्षणी बोललेले आपल्याला दुसऱ्या क्षणी आठवत नाही, तेव्हा आपल्याला औषध द्या, असे त्यांनी जवळच्यांना सांगितल्याचे माल्कमने लिहून ठेवले आहे. शिंद्यांना आणि इंग्रजांना शिंगावर घेणारा तिशीतला राजा स्वतःहून औषध मागतो, म्हणजे आत काहीतरी बिघडतेय हे त्याला पुरते कळले होते.

नंतर एका रात्री जनानखान्यातील स्त्रिया घाबरून बाहेर पळाल्या. राजा भ्रमिष्ट झाला आहे आणि जीव घेईल, असा गलका झाला. त्यांना आवरायला अनेक माणसे लागली. त्यांना बांधून पहाऱ्यात ठेवण्यात आले. वैद्य झाले, तांत्रिक उपाय झाले. वर्षभराच्या आत हिंसकपणा ओसरला, पण त्याबरोबर बाकी सगळेही ओसरले. ते बोलेनासे झाले. कोणाला ओळखतात की नाही, हे कळेनासे झाले. लहान मुलासारखे दूध पाजून त्यांना जगवले जात होते. या अवस्थेत ऑक्टोबर १८११पर्यंत ते होते. भानपुऱ्याला त्यांची छत्री आहे.

राजा आजारी असताना राज्य कोणी चालवले?

कागदोपत्री कारभार यशवंतरावांच्या नावाने, प्रत्यक्षात तुळसाबाई आणि दिवाण बाळाराम शेट यांच्या हाती. पगार थकलेल्या पलटणी वरचेवर दंगा करत. फौजेतील एका गटाने तर आजारी राजा, तुळसाबाई आणि लहानगा मल्हारराव यांना जंगलात नेले होते. निष्ठावंत सैनिकांनी त्यांची सुटका केली. यशवंतरावांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांचे मल्हारराव गादीवर आले. २० डिसेंबर १८१७ रोजी स्वतःच्याच फौजेने तुळसाबाईंना क्षिप्रेकाठी ठार केले आणि दुसऱ्या दिवशी महिदपूरची लढाई झाली. यशवंतरावांची मुलगी भीमाबाई त्या लढाईत घोडदळ घेऊन उतरली होती. जानेवारी १८१८मध्ये मंदसौरच्या तहाने होळकरांचे स्वातंत्र्य संपले. यशवंतराव धडधाकट असते तर काय झाले असते, हा खेळ इतिहासप्रेमींनी खेळावा. एवढे मात्र खरे, की इंग्रजांविरुद्ध पुन्हा आघाडी बांधण्याची इच्छा आणि कुवत असलेला माणूस निर्णायक तीन वर्षे अंथरुणावर होता.

झपाट्याने वाढणारा स्मृतिभ्रंश म्हणजे काय?

स्मृतिभ्रंश म्हणजे नुसते विसरणे नव्हे. विचार, भाषा, निर्णय, वागणूक यांत इतकी घसरण होते, की रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमेनासे होतात. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तो साधारणपणे आठ-दहा वर्षांत वाढत जातो. पण काही रुग्णांत पहिल्या लक्षणापासून पूर्ण परावलंबनापर्यंतचा प्रवास काही आठवडे, काही महिने किंवा फार तर वर्ष-दोन वर्षांत होतो. डॉक्टर याला रॅपिडली प्रोग्रेसिव्ह डिमेन्शिया म्हणतात. हे एका आजाराचे नाव नाही. ताप जसा अनेक आजारांत येतो, तसाच हा प्रकार. मागे कारण कोणतेही असू शकते.

यातला सर्वांत भीतिदायक आजार म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब, म्हणजेच सीजेडी. जर्मनीतील दोन डॉक्टरांनी १९२० आणि १९२१मध्ये त्याचे वर्णन केले. मेंदूतील एका प्रथिनाची घडी बिघडते आणि ते बिघडलेले प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही बिघडवते. अशा प्रथिनाला १९८२मध्ये स्टॅन्ले प्रुसिनर यांनी प्रायॉन हे नाव दिले. त्यांना १९९७मध्ये नोबेल मिळाले. दरवर्षी दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला हा आजार होतो. बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत दगावतात आणि उपचार अजून नाही.

पण सीजेडीच्या भीतीने बाकीच्या कारणांकडे दुर्लक्ष होते आणि खरा घोटाळा तिथे आहे. बाकीच्यांपैकी अनेक कारणांवर उपचार आहेत. मेंदूचा क्षय, एचआयव्ही, सिफिलिस असे संसर्ग. बी-१२ किंवा बी-१ जीवनसत्त्वाचा अभाव. थायरॉइडचा बिघाड, रक्तातील सोडियम घसरणे. मेंदूतील गाठ किंवा साचलेले रक्त. कधी चुकीची किंवा एकमेकांना मारक औषधे. आणि गेल्या दोन दशकांत समोर आलेला मोठा गट म्हणजे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर हल्ला करते. त्याचा एक प्रकार जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये उलगडला. त्याआधी अशा अनेक तरुण रुग्णांना, विशेषतः मुलींना, वेड लागले असे समजून मनोरुग्णालयात दाखल केले जात असे. लहान मुलांत गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी एसएसपीई नावाचा आजार उद्भवू शकतो. त्यातही बुद्धी झपाट्याने घसरते. त्यावर खरा उपाय गोवराची लस वेळेत घेणे हाच.

मग यशवंतरावांना नेमके काय झाले असावे?

शवविच्छेदन नाही, रक्ताची चाचणी नाही, जवळच्या वैद्याची नोंदवही नाही. त्यामुळे निदान करता येणार नाही. पण कोणती शक्यता बसते आणि कोणती नाही, हे पाहता येते. मी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. बंद पडलेल्या यंत्रात बिघाड शोधताना आधी काय नाही ते ठरवायचे, अशी आमची पद्धत. तीच इथे वापरली.

सीजेडी बाजूला ठेवता येतो. तिशीत तो अतिशय दुर्मीळ आणि तीन वर्षांचा काळ त्यासाठी फारच लांब. वयामुळे येणारा अल्झायमरही नाही.

भट्टीचा धूर? आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ओतकामाचा तास असे. तोफेचा धातू म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सियस लागतात. शिसे ३२७ अंशांनाच वितळते. जुनी पितळी भांडी आणि मोडीतल्या तोफा भट्टीत टाकल्या असतील तर त्यात शिसे असणारच, आणि त्या तापमानाला त्याची वाफ उठणार. भट्टीशेजारी महिनोन् महिने उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरात ती गेली असेल. शिशाच्या विषबाधेने मेंदूला सूज येते, भ्रम होतो. मला ही शक्यता सुरुवातीला फार आवडली होती. पण शिशाची विषबाधा पोटात मुरडा, हात लुळे पडणे, झटके अशी लक्षणे घेऊन येते. त्यांचा उल्लेख सापडत नाही. शिवाय भट्टीवर राबणारे कारागीर वेडे झाल्याचीही नोंद नाही. आपल्याला आवडलेली थिअरी आणि पुरावा यांत पुराव्याला मान द्यावा लागतो.

दारूचे काय? अति मद्यपान आणि अपुरा आहार यांमुळे बी-१ म्हणजे थायमिन कमी पडते. त्यातून उद्भवणाऱ्या आजाराला वेर्निके आणि कोर्साकोव्ह या दोन डॉक्टरांची नावे आहेत. त्यांनी १८८०च्या दशकात त्याचे वर्णन केले. यात नुकतेच घडलेले अजिबात लक्षात राहत नाही. यशवंतरावांनी सांगितलेले पहिले लक्षण हेच. मात्र नंतरचा हिंसक उन्माद आणि मग वाचा जाणे हे एकट्या थायमिनच्या अभावाने समजावता येत नाही.

पूर्ण चित्राशी सर्वांत जास्त जुळणारी एक शक्यता म्हणजे मेंदूत पोहोचलेला सिफिलिस. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मनोरुग्णालये या रुग्णांनी भरलेली असत. आधी अफाट उत्साह, भव्य योजना, कमी झोप आणि चिडचिड. मग विस्मरण, मग बुद्धीचा ऱ्हास, शेवटी अंथरुण. उपचार नसतील तर साधारण तीन-पाच वर्षांत मृत्यू. फ्रान्समधील बेल याने या आजाराचे वर्णन १८२२मध्ये केले, म्हणजे यशवंतराव गेल्यानंतर अकरा वर्षांनी. त्याचे जंतू मेंदूत सापडले १९१३मध्ये आणि पेनिसिलिन आले १९४०च्या दशकात. तरीही ही शक्यताच आहे. बोबडे बोलणे, हातापायांचा कंप, चालीतला बदल अशा खुणा नोंदीत मिळाल्याशिवाय ती पुढे रेटणे अन्यायाचे होईल. या आजाराला चिकटलेली बदनामी लक्षात घेता तर जास्तच.

ऑटोइम्यून एन्सेफलायटिसही नाकारता येत नाही. विस्मरण, मग उग्र वर्तन, मग मौन हा क्रम त्यात अनेकदा दिसतो. आणि तीव्र मानसिक आजारात येणारी कॅटाटोनिया ही अवस्थाही आहेच. त्यात माणूस बोलत नाही, स्वतः खात नाही, ओळख दाखवत नाही. बघणाऱ्याला बुद्धी गेली असे वाटते. आज तिच्यावर परिणामकारक उपचार आहेत. यशवंतरावांना दूध पाजणाऱ्यांना हे कळायला मार्ग नव्हता.

नंतरच्या काळात या आजाराच्या दोन कथा रूढ झाल्या. एकीत तो खुनांच्या पापाचा आणि दारूचा परिणाम आहे. दुसरीत तो देशासाठी केलेल्या अति कष्टांचा आणि मनस्तापाचा. ना. सं. इनामदारांच्या ‘झुंज’ कादंबरीमुळे यशवंतराव मराठी घरांत पोहोचले, पण त्यांच्या शेवटच्या तीन वर्षांबद्दल बोलताना अजूनही आपण या दोनपैकी एक कथा निवडतो. दोन्हींत मेंदू हा अवयव कुठेच नसतो. मांडवीतल्या काकांच्या बाबतीतही दोन कथा होत्या. वय झाले आणि कोणाची तरी नजर लागली. त्यात तीन महिने गेले.

आज असा रुग्ण असेल तर डॉक्टर काय तपासतात?

पहिला प्रश्न वेगाचा. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गोंधळ सुरू झाला असेल, भान कमी-जास्त होत असेल, तर तो बहुधा डिलिरियम. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, साखर उतरणे, अचानक दारू बंद करणे ही त्याची नेहमीची कारणे. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. आठवड्या-महिन्यांत घसरण असेल तर न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळण्याची सहा महिने वाट बघू नये. तालुक्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन लवकर पोहोचावे.

रक्ताच्या साध्या चाचण्यांतच बरेच कळते. साखर, सोडियम, यकृत आणि मूत्रपिंडाचे काम, थायरॉइड, बी-१२, एचआयव्ही, सिफिलिससाठीची व्हीडीआरएल. मद्यपी रुग्ण असेल तर थायमिन लगेच दिले जाते, ग्लुकोजची बाटली लावण्याआधी. कारण शरीरात थायमिन नसताना ग्लुकोज दिले तर मेंदूची अवस्था बिघडू शकते. मग एमआरआय. सीजेडीच्या काही ठरावीक खुणा त्यात दिसतात. मेंदूतील विद्युत लहरींसाठी ईईजी.

आणि पाठीतले पाणी काढणे. या शब्दांनीच आपल्याकडे अर्धे नातेवाईक गळाठतात. त्याने माणूस लुळा पडतो, असा समज कोकणात तर घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात सुई जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. नंतर काही दिवस डोकेदुखी होऊ शकते. पण मेंदूचा क्षय, सिफिलिस आणि ऑटोइम्यून आजार ओळखायला त्या काही थेंबांइतका चांगला पुरावा दुसरा नाही. डॉक्टर आधी स्कॅन करून दाब वाढलेला नाही ना, हे पाहतात आणि मगच सुई घेतात. ऑटोइम्यून आजार असेल तर स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे असे उपचार आहेत. ते जितके लवकर सुरू होतात, तितकी स्मृती परत येण्याची शक्यता जास्त.

यासाठी घरच्यांनी काय न्यायचे? सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक आणि ओळखीच्याने दिलेल्या पुड्यांसकट. पडल्या-झडल्याची आठवण, कितीही जुनी आणि किरकोळ वाटली तरी. दारूचे खरे प्रमाण, लाज न बाळगता. आणि तारखा. कधीपासून, या प्रश्नाला बरेच नातेवाईक बरेच दिवसांपासून एवढेच उत्तर देतात. त्यावरून डॉक्टरांना वेग कळत नाही.

आमच्या आळीतल्या काकांच्या मुलीने नकळत हे काम केले होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिते. त्याच चौकटींत तिने बाबांचेही टिपले होते. अमुक तारखेला दोनदा जेवले. अमुक तारखेला गल्ल्याची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. आणि ऑगस्टच्या पानावर, दूध दीड लिटरच्या खाली, बाबा न्हाणीत पडले, लागले नाही. रुग्णालयात जाताना तिने ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून पिशवीत टाकले.